कवितेचं पाकीट बंद करण्याआधी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर पाऊस धरून राहिलेला असताना, मी आणि माझे सहसंपादक पुढच्या अंकाच्या कविता वाचायला बसलो. आमचं कार्यालय म्हणजे कोल्हापुरातलं, रंकाळ्याजवळचं माझं घर. जेवणं आटोपून साडेआठला सुरुवात केली आणि साडेदहा वाजले तरी एकही कविता नीट वाचून झाली नव्हती. फाइली उघडणं, आडवे आलेले फोटो सरळ करणं, कुठली कविता कोणाची ते शोधणं आणि एकाच कवीने पाठवलेल्या चार ‘सुधारित’ प्रतींपैकी शेवटची कोणती ते ठरवणं, यातच दोन तास गेले. ते दोन तास कवितांचे होते. त्या ढिगात चांगल्या कविता होत्या, आणि त्या आमच्यासमोर आल्या तेव्हा आम्ही दमलेलो होतो. याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्यांदाच एखाद्या छोट्या नियतकालिकाकडे कविता पाठवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कविता कशी लिहावी याबद्दल इथे काही नाही. लिहून झालेली कविता वाचणाऱ्यापर्यंत धडधाकट कशी पोहोचवायची, एवढंच आहे.

आधी आमच्यासारखी नियतकालिकं चालतात कशी ते सांगते, म्हणजे पुढच्या सूचनांमागची कारणं लक्षात येतील. मराठी कवितेचा बराच प्रवास अशा छोट्या अंकांतूनच झाला आहे. मुंबईत 1954 साली काही तरुण कवींनी ‘शब्द’ सुरू केलं. धुळ्यातून 1985 पासून पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ चालवलं, तेही केवळ कवितेसाठी. मोठं शहर नाही, पदरी माणसं नाहीत, तरी चिकाटीने ही कामं होत आली. आमचंही तसंच. दिवसा मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, सहसंपादक बँकेतून निवृत्त झालेले. अंक 64 पानांचा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांचे चार फर्मे. छपाई उद्यमनगरात होते, जुळणी, म्हणजे मजकूर पानांवर लावायचं काम, एक दादा त्यांची बाकीची कामं सांभाळून करतात आणि अंक पाकिटात घालून पत्ते चिकटवायचं काम आमच्या दोन्ही घरांतली माणसं मिळून करतात. आलेली प्रत्येक कविता आम्ही दोघंही वाचतो. तुमच्या कवितेला आमच्याकडून मिळू शकणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हा वाचनाचा वेळ.

अंक मिळवा आणि वाचा

अंकाच्या दुसऱ्या पानावर संपादक म्हणून माझं नाव छापलेलं असतं. तरी बरीच पत्रं ‘आदरणीय संपादक सर’ अशी सुरू होतात. ‘सर’ म्हटल्याचा राग येत नाही, पण पत्र लिहिणाऱ्याने अंक उघडूनही पाहिलेला नाही हे पहिल्याच ओळीत कळतं. मग पाकिटातून कथा निघते, प्रवासवर्णन निघतं, नेत्याच्या वाढदिवसाचं गौरवगीत निघतं. त्या लेखनाला त्याची जागा आहे, पण ती आमच्याकडे नाही, आणि एवढं कळवायलाही पत्र लिहावं लागतं.

ज्या नियतकालिकाला कविता पाठवायची आहे त्याचे निदान दोन अंक वाचा. एका कवीच्या किती कविता घेतात, दीर्घकविता छापतात का, गझल घेतात का, अनुवादाला जागा आहे का, हे पाहा. कविता कशा पाठवाव्यात याचं निवेदन बहुतेक अंकांत मुखपृष्ठाच्या आत किंवा शेवटच्या पानावर असतं, ते वाचा. त्यात काही वेगळं सांगितलं असेल तर माझ्या या लेखापेक्षा ते निवेदन खरं माना.

कोल्हापुरात असाल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे. 1850 पासूनचं हे ग्रंथालय. तिथे जाऊन कोणती वाङ्मयीन नियतकालिकं येतात ते विचारा. विद्यार्थी असाल तर शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या अंकांचे बांधीव खंड मागून पाहा. गावाकडे राहत असाल आणि अंक मिळत नसेल तर संपादकाला सरळ पत्र लिहा, ‘एखादा जुना अंक पाठवाल का, टपालखर्च देतो’. असं पत्र आलं की मला मनापासून आनंद होतो. जुन्या अंकांचे गठ्ठे आमच्या माळ्यावर आहेत आणि ते वाचणाऱ्याच्या हातात जावेत अशीच आमची इच्छा आहे.

किती पाठवायच्या, कोणत्या

तीन ते पाच. एका कवितेवरून कवीचा अंदाज येत नाही, आणि चाळीस कवितांची वही पाठवून ‘यातल्या योग्य वाटतील त्या घ्याव्यात’ असं लिहिलं की निवडीचं तुमचं काम तुम्ही आमच्यावर टाकता. निवड करणं हा लिहिण्याचाच भाग आहे. चाळिसांतल्या पस्तीस बाजूला ठेवताना स्वतःच्या कवितेबद्दल जे कळतं ते दुसरा कुणी सांगू शकत नाही.

निवडताना एक भेद ध्यानात घ्या. आपल्याकडे कविसंमेलनं भरपूर होतात. शाहू स्मारक भवनात एखाद्या कवितेला टाळ्या पडतात, एक ओळ तीनदा म्हणायला लावतात, आणि तीच कविता कवी आमच्याकडे पाठवतो. मंचावरच्या कवितेत आवाज असतो, थांबणं असतं, समोरच्या माणसांचा उत्साह असतो. कागदावर यातलं काही येत नाही. तिथे तीनदा आलेली ओळ तीनदाच छापावी लागते आणि दुसऱ्या वेळी ती सैल वाटू लागते. म्हणून पाठवण्याआधी ती कविता घरातल्या कुणाला तरी मुकाट्याने वाचायला द्या. तुम्ही म्हणून दाखवू नका. वाचणारा कुठे अडखळतो ते फक्त पाहा.

आणि आज लिहिलेली कविता आज पाठवू नका. महिनाभर वहीत राहू दे. ‘आधीची रद्द समजावी, ही सुधारित प्रत’ अशी जी पत्रं येतात, ती सगळी आज लिहून आजच पाठवलेल्या कवितांची असतात.

टाइप करताना

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कविता युनिकोड मराठीत टाइप करा. मोबाइलवर मराठी कीबोर्डने लिहिता ते युनिकोडच असतं. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. ती युनिकोडमध्ये बदलून घेता येते, पण बदलताना रफार इकडचा तिकडे होतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. मग तुमच्या कवितेतला मूळ शब्द कोणता होता हे आम्हाला अंदाजाने ठरवावं लागतं.

फुलांच्या चित्रावर, सूर्यास्तावर किंवा तुमच्या फोटोशेजारी सजवलेली कविता पाठवू नका. चित्रातली अक्षरं आम्हाला उचलता येत नाहीत, ती कविता कुणाला तरी पुन्हा टाइप करावी लागते, आणि पुन्हा टाइप करणं म्हणजे नव्या चुका. नुसती पीडीएफही पुरत नाही. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या सरकतात. तेव्हा वर्डची फाइल पाठवा, आणि कवितेच्या ओळी आत-बाहेर सरकवलेल्या असतील, मोकळ्या जागेला अर्थ असेल, तर सोबत पीडीएफही जोडा. वर्डमधून आम्ही अक्षरं घेऊ, पीडीएफवरून आकार पाहू. मेलच्या मजकुरात नुसती चिकटवलेली कविता आमच्यापर्यंत येताना डावीकडचं अंतर हमखास गमावते.

व्हॉट्सॲपवर कविता मागवणारी नियतकालिकं असतील, तिथे तसं पाठवा. आम्ही घेत नाही, त्याचं कारण ओळी. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप खाली मोडते. ती तुम्ही मोडली की पडद्याने, हे आम्हाला कळत नाही. मुक्तछंदात ओळ कुठे तुटते यावर कवितेचा श्वास ठरतो, तिथे अंदाज चालत नाही. याच कारणासाठी कविता दोन पानांवर जात असेल तर पहिल्या पानाच्या तळाशी ‘कडवं पुढे चालू’ किंवा ‘इथे कडवं संपतं’ एवढं लिहा. अंकाचं पान वेगळ्या ठिकाणी तुटतं आणि दोन कडवी नकळत एक होतात. आमच्या एका अंकात असं झालं होतं. कवयित्रीने फोन करून फक्त एवढंच विचारलं, ‘ताई, मधली जागा काढायला सांगितलेली का?’ त्या मधल्या रिकाम्या जागेतच तिच्या कवितेतली आई वारलेली होती. चूक आमची होती. पण पानाच्या तळाशी दोन शब्द असते तर ती झाली नसती.

फाइलला ‘कविता’ किंवा ‘नवीन’ असं नाव देऊ नका. तुमचं नाव आणि महिना द्या. आमच्या संगणकावर ‘कविता’ नावाच्या फाइली किती आहेत ते मी मोजणं सोडून दिलं आहे.

आता शुद्धलेखन. 1962 चे लेखनविषयक नियम शाळेत सगळ्यांनी शिकलेले असतात. पूर्ण पाठ नसतील तरी चालतं, पण कवितेत सारखे येणारे शब्द तरी नीट असावेत. ‘पाउस’ नव्हे ‘पाऊस’. ‘सुर्य’ नव्हे ‘सूर्य’. ‘धुळ’ नव्हे ‘धूळ’, मात्र ‘धुळीत’. ‘फुल’ नव्हे ‘फूल’, मात्र ‘फुलं’. ‘तु’, ‘मि’, ‘आणी’, ‘कि’ हे चारही चुकीचे, ‘तू’, ‘मी’, ‘आणि’, ‘की’ हे बरोबर. हा एक परिच्छेद कागदावर उतरवून टेबलाशी लावलात तरी तुमच्या निम्म्या कविता शुद्ध होतील. एखादी वेलांटी चुकली म्हणून आम्ही कधीही कविता परत केलेली नाही. पण तीन ओळींत ‘तू’ दोनदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ आला, की कवीने स्वतःची कविता पुन्हा वाचलेलीच नाही हे दिसतं. जी तुम्ही दुसऱ्यांदा वाचली नाहीत ती आम्ही तीनदा वाचावी असं कसं म्हणता येईल?

एका अक्षराबद्दल वेगळं सांगायलाच हवं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. पहिल्या शब्दात आडवा ‘ऱ’, दुसऱ्यात रफार. गगनबावड्याकडच्या डोंगरांवरच्या एका कवितेत ‘धुक्याने भरलेल्या दऱ्या’ होत्या आणि टाइप होऊन आला तो ‘दर्या’. सह्याद्रीत समुद्र आला. युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे. त्याला हलन्त देऊन पुढे ‘य’ किंवा ‘ह’ टाइप केला की तो आडवा होतो. ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ हे शब्द पाठवण्याआधी एकदा बोटाने मोजून तपासा. छापखान्यात युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये घेताना हेच अक्षर पुन्हा बिघडू शकतं. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी प्रत, पाहतानाही पहिली नजर तिथेच टाका.

हाताने लिहिलेल्या कविता आम्ही आजही घेतो आणि आनंदाने घेतो. कितीतरी चांगले कवी शेतात राबतात, त्यांच्याकडे संगणक नाही. कागदाच्या एकाच बाजूला, शाईच्या पेनाने, ओळींत अंतर ठेवून लिहा. एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण टपाल गहाळ होतं. उत्तर पत्राने हवं असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेला आणि तिकीट लावलेला लिफाफा आत ठेवा.

बोलीत लिहिलं असेल तर

आपल्या भागातल्या कवींसाठी हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘गेलतो’, ‘आलतं’, ‘काय करालाईस’, ‘न्हाई’, ‘हुतं’ ही आपली भाषा आहे. तिच्यात कविता येते तेव्हा मी सरसावून बसते. पण या कवितेच्या वाटेत माणसं आणि यंत्रं दोन्ही आडवी येतात. मोबाइलचा कीबोर्ड ‘हुतं’चं ‘होतं’ करून टाकतो. जुळणी करणारा चांगल्या मनाने ‘गेलतो’ दुरुस्त करून ‘गेलो होतो’ करतो, आणि ओळीची चाल मोडते.

यावर तीन उपाय. कवितेच्या डोक्यावर कंसात लिहा, ‘बोलीतली रूपं मुद्दाम आहेत, बदलू नयेत’. दुसरं, एका कवितेत एक रूप धरा. वर ‘न्हाई’ आणि खाली ‘नाय’ असेल तर दोन माणसं बोलताहेत का, असा प्रश्न पडतो. दोन माणसं खरोखरच बोलत असतील तर प्रश्न नाही. तिसरं, कीबोर्डची आपोआप दुरुस्ती बंद करा, आणि टाइप झाल्यावर मूळ वहीशेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहा.

आमच्याकडे मागे गुऱ्हाळावरची एक कविता आली होती. काहील, चुलवाण, आदण, गुळव्या, सगळे शब्द जागच्या जागी, आणि उसाचा रस आटत जातो तशा कडव्यांच्या ओळी आटत गेलेल्या. कवीने खाली दोनच ओळींची टीप दिली होती: ‘चुलवाण म्हणजे काहिलीखालची मोठी चूल, गुळव्या म्हणजे गूळ तयार करणारा कसबी माणूस’. ती टीप करवीर तालुक्यातल्या वाचकाला नको होती, पण नागपूरच्या वाचकाला हवी होती. तिच्यामुळे कवितेच्या आत समजावून सांगण्याची वेळ आली नाही. टीप अशीच असावी, चार शब्दांची, कवितेच्या बाहेर. कवितेचा अर्थ मात्र टिपेत लिहू नका.

वृत्तात किंवा गझलेत लिहिलं असेल तर

कवितेखाली वृत्ताचं नाव लिहा. हे पांडित्य दाखवण्यासाठी नसतं, जुळणी करणाऱ्यासाठी असतं. ‘कवी’ हे शुद्ध रूप, त्यात एक लघू आणि एक गुरू. वृत्तात दोन लघू हवे असतील तर तुम्ही ‘कवि’ लिहाल, आणि लेखननियमांनीही वृत्तासाठी कवीला तेवढं स्वातंत्र्य दिलेलं आहे. पण खाली ‘आनंदकंद’ असं लिहिलेलं नसेल तर कुणीतरी ते दीर्घ करणारच.

वृत्ताचं नाव लिहिण्याआधी मात्रा स्वतः मोजा. आनंदकंदच्या ओळीत 24 मात्रा. दहा ओळींत 24 आणि एका ओळीत 25 असतील तर ती कविता परत वहीत जाऊ द्या. गझलेत एखाद्या शेरात काफिया, म्हणजे यमक, निसटलेला असेल तर तो शेर काढून टाका. पाच चांगले शेर पुरतात. सातवा भरीचा शेर आधीच्या सहांना खाली ओढतो.

नाव आणि पत्ता

माझ्या टेबलाच्या खणात एक कविता आहे. वहीच्या पानावर निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पंचगंगेच्या पुराचं पाणी घरात आलं तेव्हा म्हातारीने आधी देव्हारा न उचलता नातीचं दप्तर उचललं, एवढीच गोष्ट आहे त्यात. 2019 च्या पुरानंतर आली. पाकिटावर फक्त आमचा पत्ता होता, आत पत्र नव्हतं, पानावर नाव नव्हतं, आणि टपालाचा शिक्का पुसट होता. पुढच्या अंकात आम्ही निवेदन दिलं, ‘ही कविता ज्यांची आहे त्यांनी कळवावं’. कुणाचं उत्तर आलं नाही. कवीच्या संमतीशिवाय आणि नावाशिवाय आम्ही कविता छापत नाही, त्यामुळे ती छापली गेली नाही. आमच्याकडे आलेल्या उत्तम कवितांपैकी ती एक आहे.

प्रत्येक पानावर, प्रत्येक कवितेखाली, पूर्ण नाव, टपालाचा पत्ता पिनकोडसह आणि फोन नंबर लिहा. फक्त पहिल्या पानावर नको. कागद सुटे होतात. टोपणनावाने छापायचं असेल तर तसं लिहा, पण खरं नाव आम्हाला कळवा. मेलने पाठवत असाल तर विषयाच्या जागी ‘कविता’, पुढे तुमचं नाव आणि गाव, एवढं पुरे. ती जागा रिकामी ठेवू नका.

सोबतचं पत्र

पाच-सहा ओळींचं असावं. कोणाला पाठवता आहात त्या नावाने सुरुवात. कवितांची शीर्षकं. या कविता स्वतःच्या आहेत आणि आधी कुठे छापलेल्या नाहीत, हे एक वाक्य. तुमच्याबद्दल दोन ओळी: कुठे राहता, काय करता. मिळालेल्या पुरस्कारांची आणि सत्कारांची यादी आम्ही निवड झाल्यावर वाचतो, त्याआधी नाही. तुम्हाला एकही पुरस्कार मिळालेला नसेल तर काही बिघडत नाही. पहिलीच कविता पाठवत असाल तर तसं लिहा. कुणाच्या ओळखीचा, नात्याचा, तालुक्यातल्या कुणा मोठ्या माणसाचा उल्लेख करू नका, त्याने आम्ही अवघडतो.

एकच पत्र दहा संपादकांना एकदम पाठवू नका. वरच्या ओळीत सगळ्यांचे पत्ते दिसतात. दुसऱ्या नियतकालिकाचं नाव तसंच राहिलेली पत्रंही आम्हाला आली आहेत.

‘आधी छापलेली नाही’ याबद्दल नेहमी विचारणा होते, म्हणून आमच्यापुरतं स्पष्ट करते. दुसऱ्या अंकात, दिवाळी अंकात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत किंवा संग्रहात आलेली कविता छापलेली समजतो. फेसबुकवर टाकलेली असेल तर चालते, पण सांगून पाठवा. इतर संपादकांचे नियम वेगळे असतात, त्यांना विचारा. आणि व्हॉट्सॲपवर फिरत आलेली, कवीचं नाव गळालेली कविता ‘आवडली म्हणून’ स्वतःच्या नावावर पाठवू नका. असं घडतं, आणि पाठवणाऱ्याला कधीकधी त्यात चूक आहे हेही माहीत नसतं. तीच गोष्ट संगणकाकडून लिहून घेतलेल्या कवितेची. आम्हाला तुमची कविता वाचायची आहे.

उलट, कविता पाठवली तर ती चोरीला जाईल, या भीतीने कित्येकजण पाठवतच नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली की तिचा हक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तुम्ही लेखी करार करून हक्क दिला नसेल तर अंकात छापल्यानेही तो आमच्याकडे येत नाही. पुढे तुमच्या संग्रहात ती खुशाल घ्या.

पाठवल्यानंतर

पोहोच मिळाली की थांबा. आम्हाला तीन महिने लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पाहिलीत का?’ असा संदेश आला तर त्याचं उत्तर ‘नाही’ हेच असतं, आणि ते लिहायलाही वेळ जातो. तीन महिन्यांनंतर मात्र जरूर विचारा, एका ओळीचं पत्र किंवा मेल पाठवून. तेव्हा विचारणं हा तुमचा हक्क आहे, आणि उशीर झाला असेल तर क्षमा आम्ही मागायला हवी. रात्री फोन करून कविता वाचून दाखवू नका, एवढी विनंती.

तीच कविता त्या काळात दुसरीकडे पाठवायची असेल तर दोन्हीकडे सांगा, आणि एकीकडे घेतली की त्याच दिवशी दुसरीकडे कळवा. हे न केल्यामुळे एकदा पानं लागलेली असताना आम्हाला कविता काढावी लागली. सोळा पानांचा फर्मा असतो, त्यातलं एक पान रिकामं सोडता येत नाही. घाईघाईने दुसरी कविता शोधावी लागली, पुढची पानं सरकली, अनुक्रमणिका बदलली आणि अंक टपालात पडायला आठवडा उशीर झाला.

पाठवल्यावर चूक सापडली तर? एक शब्द असेल तर तसंच राहू द्या, प्रूफच्या वेळी दुरुस्त होईल. कविताच बदलावीशी वाटत असेल तर सगळी परत घ्या आणि नव्याने पाठवा. आम्ही रागावणार नाही. चार प्रतींमधून शोधायला लावू नका.

उत्तर आल्यावर

नकाराचं पत्र बहुतेक वेळा छोटं असतं. त्याचा अर्थ एवढाच की या अंकासाठी या कविता घेतल्या नाहीत. त्या अंकात पावसावरच्या सहा कविता आधीच घेतलेल्या असू शकतात. कारण विचारणारं पत्र मला समजतं, पण प्रत्येकाला कारण लिहायला आमच्याकडे रात्री पुरत नाहीत. मात्र पत्रात ‘पुन्हा पाठवा’ असं लिहिलं असेल तर ते खरोखर म्हटलेलं असतं. ते शिष्टाचाराचं वाक्य समजून गप्प बसलेले कवी नंतर भेटले की मला हळहळ वाटते. सहा महिन्यांनी नवीन कविता पाठवा, त्याच पुन्हा नको.

कधीकधी संपादक सुचवतो, ‘शेवटचं कडवं नसलं तर?’ अशी सूचना आम्ही कविता आवडल्याशिवाय करत नाही. लगेच ‘हो’ म्हणू नका, लगेच ‘नाही’ही म्हणू नका. दोन दिवस ती कविता त्या कडव्याविना वाचून पाहा. मग तुमचं मत कळवा. एका मुलीने मला लिहिलं होतं, ‘ताई, ते कडवं काढलं तर कविता जास्त चांगली होते, पण ती माझी राहत नाही.’ आम्ही ती कडव्यासकट छापली.

कविता स्वीकारली गेली की प्रूफ येईल. ते दोन दिवसांत परत करा. प्रूफमध्ये जुळणीच्या चुका दुरुस्त करायच्या असतात, कविता पुन्हा लिहायची नसते. तुमची मूळ प्रत शेजारी ठेवा, शेवटच्या ओळीपासून वर वाचत या. तसं वाचलं की अर्थाच्या ओघात डोळा चुकांवरून घसरत नाही. आडवा ‘ऱ’, बोलीची रूपं, कडव्यांमधलं अंतर, ओळींची मोडणी आणि स्वतःचं नाव पाहा. नावातही चुका राहतात. एकदा छपाईची प्लेट झाली की एका वेलांटीसाठी पूर्ण प्लेट पुन्हा करावी लागते, आणि तो खर्च वर्गणीच्या पैशांतून जातो.

मानधन आम्ही देऊ शकत नाही, हे निवेदनात छापलेलं आहे आणि त्याची मला खंत आहे. अंकाच्या दोन प्रती टपालाने पाठवतो. वर्गणीदार होण्याची अट नाही, आणि कविता घेण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथे पाठवू नका.

अंक हाती आला की तुमची कविता छापील पानावर एकदा वाचा. चूक राहिली असेल तर कळवा, पुढच्या अंकात शुद्धिपत्र देतो. मग त्याच अंकातल्या दुसऱ्या एखाद्या कवीची कविता आवडली तर त्याला उद्देशून चार ओळी लिहून आमच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही त्या पोहोचवतो.